दर्याकडची वाट

समुद्र मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला तेव्हा माझं वय 63 होतं. हे सांगायची आधी लाज वाटायची, आता वाटत नाही. आमच्या कवठेमहांकाळ तालुक्यात असे कितीतरी म्हातारे आहेत. पंढरपूर झालं, तुळजापूर झालं, जोतिबा झाला. पण नुसतं पाणी बघायला म्हणून कोण गाडीभाडं खर्च करतंय?

थोरली लेक कोकणात दिली त्याला 11 वर्षं झाली होती. लग्न कोल्हापुरात लागलं. जावई आणि ती दोघं कुडाळला नोकरीला. इवायांचं मूळ घर मात्र समुद्रावर. वेंगुर्ल्याहून मालवणच्या अंगाला जाताना केळूस, खवणे, निवती, भोगवे अशी गावं लागतात, त्याच पट्ट्यात. नेमकं गाव सांगत नाही, का ते पुढं कळेल. बायको तीन वेळा जाऊन आली होती. माझं मात्र दरवेळी काहीतरी आडवं यायचं. कधी बागेची छाटणी, कधी म्हैस व्यायला झालेली. माघात इवायांचा फोन आला. म्हणाले, "पाव्हण्यांनू, जमिनीचा एक काम असा. तुमचो सल्लो व्हयो." यंदा द्राक्षाचा माल लवकर गेला होता. म्हणलं, आता नाही गेलो तर परत जाणं होत नाही.

मिरज, कोल्हापूर, आजरा करत आंबोलीच्या घाटानं खाली उतरलो. सावंतवाडीत लेक-जावई न्यायला आले होते. शेवटी डांबर संपलं, मग कच्चा रस्ता संपला. गाडी सड्यावर एका काजूखाली लावली आणि पुढं अर्धा तास पायी. अंधार पडला होता. घर आलं, पेज आणि बांगड्याचं तिखलं जेवलो आणि पडवीत आडवा झालो.

रात्री जाग आली. कानात एकसारखी घरघर. अर्धवट झोपेत वाटलं, पवनचक्कीच फिरतीया. आमच्या माळावर 2005 सालापासून हाच आवाज ऐकत मी झोपतो. उठून अंगणात आलो. लांब काळोखात एक दिवा उघडमीट करत होता. इवाईही जागेच होते. म्हणाले, तो वेंगुर्ला रॉकवरचा दीपगृहाचा दिवा, आणि घरघर दर्याची. मी काही बोललो नाही. झोप मात्र नंतर लागली नाही.

सकाळी इवाय बोटं मोजत म्हणाले, "आज अष्टमी. सहाची भरती. आता पाणी उतरत असतला." तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, असा त्यांचा हिशोब. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. माझ्या बापाला पाऊणकी पाठ होती, पण तिचा उपयोग बाजारात बाजरी विकताना. इथं त्याच पाढ्यावर होड्या चालतात म्हणल्यावर मला मोठं नवल वाटलं. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमीच उतरतं.

घरामागून जांभ्या दगडाची पाखाडी खाली उतरते. दोन्ही बाजूंना गडगे, वर आंब्याकाजूची सावली. पाखाडी संपली आणि डोळ्यांपुढचं सगळंच संपलं. पलीकडं झाड नाही, डोंगर नाही, काही नाही. नुसतं पाणी. मी तिथंच पायरीवर बसलो. 1972 च्या दुष्काळात मी 12 वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची आणि मी हंडा घेऊन तीन मैल. विहिरीच्या तळात वाटीनं पाणी भरायचं. त्या पोराला कुणी हे दाखवलं असतं तर? खाली गेलो, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. खारट असतं हे पुस्तकात वाचलेलं होतंच. पण तोंडात घेतल्याशिवाय माझा जीव राहिला नसता. थुंकलो आणि हसू आलं.

किनारा मोठा, जवळजवळ कोसभर, आणि माणसं मोजून पंधरा. हॉटेल नाही, दुकान नाही, विजेचा खांब नाही. वाळूवर एक वेल पसरलेली, पानं बकरीच्या खुरासारखी दुभंगलेली, जांभळी फुलं. तिला मर्यादवेल म्हणतात. ती वाळू धरून ठेवते आणि तिच्या अलीकडं समुद्र सहसा येत नाही, म्हणून हे नाव. थोडी पुढं काठ्या रोवून जाळी लावलेली जागा होती. रात्री कासवीण येऊन अंडी घालून जाते. एका खेपेला शंभराच्या आसपास. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात आणि उजेडाच्या मागानं पाण्याकडं पळतात. म्हणून किनाऱ्यावर दिवे नकोत. दिवा दिसला की पिल्लू उलटं गावाकडं चालू लागतं आणि मरतं.

तिथंच एक पुण्याचा पोरगा भेटला. इवायांच्या पडवीतच दुसऱ्या कोपऱ्यात तो उतरला होता. काखेत ही पुरुषभर लांबीची फळी. तिच्यावर पालथा पडून हातानं पाणी मारत तो आत गेला आणि बसून राहिला. लाटा येत होत्या, जात होत्या, हा आपला बसलेला. मला वाटलं, पोरगं भ्यालं. मग एक लाट आली, याचे हात चालू झाले आणि बघता बघता तो फळीवर उभा. कुळवावर उभा राहिलेला माणूस जसा गुडघ्यात वाकतो तसा वाकून सरळ किनाऱ्यापर्यंत आला. तासाभरात त्यानं सहाच लाटा धरल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "एवढ्या लाटा सोडल्यास कशाला?"

म्हणाला, "काका, सगळ्या आपल्या नसतात."

त्यानं सांगितलं, लाट इथली नसतेच. हजारो मैलांवर वारं सुटतं, तिथं ती उठते आणि पाण्यातून चालत येते. पाणी जागच्या जागी खालीवर होतं, चालतो तो नुसता धक्का. मला लगेच पटलं. वाऱ्यात गव्हाचं रान असंच हलतं, लाट बांधापर्यंत जाते, गहू जागचा हलत नाही. तो म्हणाला, तळ उथळ झाला की लाटेचे पाय अडतात आणि डोकं पुढं पडतं, तिथं ती फुटते. पावसाळ्यात इथं कुणी पाण्यात जात नाही, होड्याही ओढून वर ठेवतात.

मग मी केला तो शहाणपणा सांगतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, मधे एक पट्टा अगदी शांत होता. म्हणलं, म्हाताऱ्यानं तिथं उभं राहावं. धोतर वर खोचलं आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात गेलो. पायाखालची वाळू सरकायला लागली. मांडीपर्यंत पाणी कधी आलं कळलंच नाही. मागून पोरगा ओरडत आला, दंडाला धरून मला बाजूला ओढलं, सरळ मागं नव्हे, आडवं. बाहेर काढल्यावर म्हणाला, "जिथं लाट फुटत नाही तिथूनच आलेलं पाणी परत जातं. ओढ तिथंच असते. सापडलात तर किनाऱ्याकडं जोर करायचा नाही, दमून बुडतो माणूस. किनाऱ्याला धरून आडवं जायचं, ओढ सुटते." हे मी मुद्दाम लिहितोय. आमच्याकडची पोरं सुट्टीला कोकणात जातात आणि त्यातली काही परत येत नाहीत.

लेक वरून बघत होती. ती खाली येऊन बोलली नाही. नुसता माझा सदरा पिळून दिला.

तेवढ्यात पलीकडं रापण ओढायला सुरुवात झाली. जाळं होडीनं लांब टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. मीही जाऊन दोराला हात लावला. आमच्या नाड्यासारखाच दोर, फरक एवढाच की मोटेला बैल असायचे, इथं माणसं. जाळं आलं, बांगडे आणि तारल्या तडफडत होत्या. मी हात झाडून निघालो तर एका म्हाताऱ्यानं अडवलं. "दोरीक हात लावलात ना? मगे वाटो घेवक व्हयो." सात बांगडे त्यानं माझ्या टॉवेलात टाकले.

दुपारी इवायांनी विषय काढला. पाखाडीच्या दोन्ही बाजूंची त्यांची 40 गुंठे जमीन एक एजंट मागत होता. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून असे लोक येतातच. पण या वेळची रक्कम मोठी होती. गावातली निम्मी माणसं म्हणत होती, विका, त्याबरोबर रस्ता येईल. त्यांचंही खोटं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी विहीणबाई पडल्या तेव्हा खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना सड्यापर्यंत नेलं होतं. घराचं छप्पर गळत होतं. काजू वेचायला माणूस मिळत नव्हतं. "तुमी सांगा," इवाय म्हणाले, "माका काय सुचणा नाय."

मी मग माझं सांगितलं. लेक समोर बसली होती, तरी सांगितलं. 2005 साली पवनचक्कीसाठी मी माळाची 3 एकर दिली. पिकत तर काही नव्हतं, कुसळंच. आलेल्या पैशात हिचं नर्सिंगचं शिक्षण झालं. त्यावर ती आज उभी आहे. म्हणून मी जमीन विकून चूक केली असं मला म्हणता येत नाही. पण त्या 3 एकरांतून एक वाट जात होती. धाकट्या भावाची शंभरभर मेंढरं त्या वाटेनं वरच्या कुरणात जायची. कागदावर वाटेचा एक शब्द नव्हता. एजंट म्हणाला होता, "वाटेचं काय, माळ कुठं पळून जातोय?" किती शांत बोलायचा तो माणूस! सही झाली, तारेचं कुंपण पडलं, गेट बसलं. मेंढरांना दोन मैलांचा वळसा. भावानं तीन वर्षं काढली, मग मेंढरं विकली. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. वाट माझी एकट्याची नव्हती, पण विकली मी.

लेक म्हणाली, "आबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

मी म्हणलं, "सांगून काय करणार हुतो?"

इवायांना मी विकू नका म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, विकायचीच वेळ आली तर पाखाडी बाजूला काढा. मोजणी करून घ्या. वाटेचा हक्क सगळ्या गावाचा, कासवीण येते त्या बाजूला दिवा नाही, हे खरेदीखतात शब्दानं लिहून घ्या आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद लावा. तोंडी काही ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी दोरी घेऊन पाखाडी मोजली. रुंदी कुठं पाच फूट, कुठं सात. प्रत्येक वळणावर इवाय थांबायचे आणि तिथं काय झालं होतं ते सांगायचे. मी आकडे वहीत लिहीत गेलो.

श्रावणात त्यांचा फोन आला. वाटेचं कलम वाचल्यावर एजंट परत फिरकलाच नाही. छपरासाठी त्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं. विहीणबाईंचा गुडघा तसाच आहे, आणि पुढच्या वेळीही खुर्चीच लागणार. म्हणजे माझा सल्ला बरोबर होता का, ते मला अजून सांगता येत नाही.

घरी आलो त्या रात्री पवनचक्कीची घरघर ऐकत जागा होतो. ते सात बांगडे खारवून, वाळवून विहीणबाईंनी बांधून दिले होते. धाकट्याला सुकी मासळी लई आवडायची. त्यातले चार त्याच्या घरी पाठवले, नातवाच्या हातानं. परत आले नाहीत. आता दिवाळीच्या आत मला स्वतः जायचं आहे. त्याच्या दारावरनं जायची वाट फार लांब नाही, माझ्या घरापासून दीडशे पावलं असेल.