माहेर कर्जतला सुरू व्हायचं

खोडदला रेल्वे नाही. कधी नव्हतीच. जुन्नर तालुक्यातलं हे गाव नारायणगावाहून आत आहे, आणि मुंबईहून जायचं तर आगगाडीची सोबत पुण्यापर्यंतच. पुढचे सुमारे ८० किलोमीटर एस्टीचे आणि बैलगाडीचे. तरीसुद्धा मे महिन्याची सुट्टी, आजोळ म्हटलं की आम्हा तिघा भावंडांना आधी आठवते ती आगगाडीच!

आम्ही परळच्या चाळीत राहायचो. परीक्षा संपली की आईची लगबग सुरू. आदल्या रात्री ती दशम्या करायची. पाण्याचा थेंब न घालता दुधात कणीक भिजवलेली, म्हणून उन्हाळ्यातही दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मऊ राहायच्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं आणि फिरकीच्या तांब्यात पाणी. वडिलांना रजा नसे. ते दादरला येऊन खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे, आम्हाला आत ढकलायचे आणि गाडी हलेपर्यंत सूचना देत राहायचे. आई डोक्यावरचा पदर सावरत नुसती मान हलवायची.

कल्याणपर्यंत तिचा जीव घरातच असायचा. गॅलरीतले कपडे काढले का, सासूबाईंच्या औषधाची बाटली समोर ठेवली का, एक ना दोन. पण कर्जत आलं की चित्र पालटायचं. तिथे गाडी बराच वेळ थांबे, कारण पुढच्या घाटात दर ३७ फुटांना एक फूट असा खडा चढ आहे. गाडी वर ढकलायला मागून जादा इंजिन जोडावं लागे. फलाटावर बटाटेवड्यांची एकच झुंबड उडायची. एरवी पैचा हिशेब ठेवणारी आमची आई तिथे न मागता वडे घ्यायची, आणि चक्क स्वतःसाठीही एक घ्यायची! घरी सगळ्यांची पानं झाल्यावर उरेल ते खाणारी आई गरम वडा हातात धरून खिडकीशी बसलीय, हे दृश्य आम्हाला वर्षातून एकदाच दिसायचं.

मग घाट. आम्ही बोगदे मोजायचो, पण तिघांचा आकडा कधी जुळला नाही. आई मात्र बाहेर बघत बसायची. समोरच्या अनोळखी बाईशी विणीच्या टाक्यांवर बोलायची, आमच्या दशम्या तिला, तिचे गुळपापडीचे लाडू आम्हाला. त्या डब्यात ती कुणाची सून नव्हती, कुणाची वहिनी नव्हती. तीन-चार तास तिला कुणी हाक मारत नव्हतं. मंकी हिल मागे पडून खंडाळ्याचा गार वारा लागला की पदर खांद्यावर यायचा आणि ती गुणगुणू लागायची.

हा घाट पुरा व्हायलाही एक बाईच कारणी लागली, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. बोरघाटातल्या रेल्वेचं कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवलं आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. आईला हे सांगायला हवं होतं, फार आवडलं असतं तिला.

पुण्याला उतरून एस्टीने राजगुरुनगर, मंचर करत नारायणगाव. तिथे मामा गाडी जुंपून उभा असे. "आक्का, दमलीस?" असं तो विचारायचा, आणि आई हसून "छे रे!" म्हणायची. ते खरंच असायचं.

एक वर्ष मात्र तसं झालं नाही. १९७४ मध्ये ८ ते २७ मे असा देशभर रेल्वेचा संप झाला. ऐन सुट्टीत गाड्या बंद! आम्ही एस्टीने गेलो. धाकट्याला घाटभर ओकाऱ्या, मधला मांडीवर, मी पिशव्या सांभाळत उभी. कर्जत नाही, वडा नाही, खिडकी नाही. रात्री गावी पोचल्यावर आई ओट्यावर टेकली नाही, सरळ चुलीपुढे जाऊन बसली आणि भाकरी थापू लागली. आजी म्हणाली, "औंदा माझी लेक न्हाई आली, सासुरवाशीणच आली." आई आतल्या आत रडली. तेव्हा कळलं नाही. आज कळतं की सासर आणि माहेर यांच्या मध्ये बाईला थोडी जागा लागते, आणि आईची ती जागा म्हणजे घाटातली गाडी होती.

आता खोडदला गेलं की शेतांतून पांढऱ्या अजस्र तबकड्या दिसतात. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकात उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणाऱ्या अगदी क्षीण लहरी टिपतात. त्यांना आसपास विजेचा गोंगाट चालत नाही. म्हणून नारायणगावाकडून आखलेला पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग बाजूला ठेवावा लागल्याचं रेल्वेमंत्र्यांनी २०२५ मध्ये सांगितलं. मामेभावाला याचं वाईट वाटतं, आणि टोमॅटो-द्राक्षं बाजारात पाठवणाऱ्या गावाला ते वाटणारच.

माझी लेक माझ्याकडे येते ती मोटारीने. दार ते दार, आणि वाटेत फोनवर ऑफिस, मुलांची भांडणं, सासूबाईंची चौकशी. घरात पाऊल टाकते तेव्हा ती अजून तिथेच असते. तिला यायला दोन दिवस लागतात, आणि तिसऱ्या दिवशी ती निघते.

म्हणून मैत्रिणींनो, या सुट्टीत एकदा तरी मुलांना घेऊन आगगाडीने माहेरी जा. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अनारक्षित डब्यात अजूनही अर्धं तिकीट आहे. आरक्षित डब्यात स्वतंत्र जागा हवी असेल, तर मात्र २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं. दशम्या दुधातच भिजवा. फोन पिशवीच्या तळाशी ठेवा. आणि खिडकीची जागा मुलांना देताना एक खिडकी आपल्यालाही ठेवा.