गळतं एकीकडे, शिरतं दुसरीकडे

संपादकांनी फोनवर सांगितलं, की यंदा घराच्या छपरावर लिहा, पण फार तांत्रिक नको. मी हो म्हटलं. मात्र छपराबद्दल तांत्रिक न बोलता जे बोललं जातं, त्यापायीच लोकांचे सर्वाधिक पैसे वाया जातात असा माझा अनुभव आहे, त्यामुळे थोडं तांत्रिक येणारच. शिवाय या विषयाला दिवाळीइतकी योग्य वेळ नाही. पावसाळा संपलेला असतो, बंद ठेवलेला बंगला सुट्टीसाठी उघडला जातो, छताला तपकिरी कडांचे डाग दिसतात, आणि ‘मे महिन्यात बघू’ असं ठरतं. मे महिन्यात कारागीर मिळत नाहीत, जूनमध्ये ताडपत्री पडते आणि जुलैत मला फोन येतो. जुलैत मी फक्त पाहू शकतो. छप्पर उघडायचं ते कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत.

मी स्थापत्य अभियंता आहे आणि बरीच वर्षं गळतीचंच काम करतो. कोकण, मुळशी, लोणावळा, महाबळेश्वर हा माझा टापू. पूर्वी फोन यायचे ते गच्चीचे आणि बाथरूमचे. आता दर पावसाळ्यात शिंगल्सच्या छपरांचे जास्त येतात.

यंदाचं एक घर मनातून जात नाही. लोणावळ्याच्या पुढे डोंगरउतारावर एका निवृत्त दांपत्याचं. खाली दिवाणखाना आणि जेवणघर, वर एकच खोली, आणि त्या खोलीच्या भिंतीला टेकून खाली उतरणारं छप्पर. छप्पर म्हणजे काँक्रीटचा उतरता स्लॅब आणि त्यावर बसवलेले तांबूस शिंगल्स. जेवणाच्या टेबलावर टांगलेल्या दिव्याच्या वायरवरून पाणी ओघळत होतं. दिव्याचं बटण कुणी चुकून दाबू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावलेली. याआधी आलेल्या प्रत्येकानं वर चढून दिव्याच्या बरोबर डोक्यावर काही ना काही फासलं होतं: आधी काळं डांबरी, मग पांढरं, मग पारदर्शक सिलिकॉन. त्या चौकोनात शिंगल्सचे खडे दिसेनासे झाले होते, आणि थेंब तसेच चालू होते.

काकूंनी एक वही ठेवली होती. पाऊस कधी लागला, वारा होता की नाही, थेंब कधी सुरू झाले, कधी थांबले. त्यात स्पष्ट दिसत होतं, की सरळ पडणाऱ्या पावसात काही होत नाही. पश्चिमेकडून झड आली की साधारण अर्ध्या दिवसानं थेंब सुरू होतात आणि पाऊस उघडल्यावरही दोन दिवस चालू राहतात. मला आजवर मिळालेल्या कुठल्याही तज्ज्ञाच्या अहवालापेक्षा ही वही मोलाची होती. उशिरा सुरू होऊन उशिरा थांबणारी गळती म्हणजे पाणी लांबून, रेंगाळत येतंय. ते दिव्याच्या डोक्यावरून येणं शक्यच नव्हतं.

शिंगल म्हणजे काय, हे आधी सांगतो. काचतंतूंची पातळ चटई, तिला दोन्ही बाजूंनी डांबराचा लेप आणि वरच्या अंगाला उन्हापासून बचावासाठी दगडाचे रंगीत खडे. अमेरिकेत १९०३च्या सुमारास मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला डांबरी छपराच्या गुंडाळीचे तुकडे कापून ते लावायला सुरुवात झाली. तेव्हा आतली चटई कापडी असे, काचतंतूंची फार पुढे आली. हे तुकडे माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसतात. वरचा तुकडा खालच्याचे खिळे झाकतो. प्रत्येक तुकड्याला डांबराची एक चिकट पट्टी असते. ती उन्हानं तापून खालच्या तुकड्याला धरते. आपल्याकडे हे काम रखडत जूनच्या तोंडावर येतं, ढग दाटलेले असतात, पट्टीवर सिमेंटची धूळ बसलेली असते आणि ती धरतच नाही. मग पहिल्याच वादळी झोतात कडा उचलल्या जातात. दोष मालाच्या माथी मारला जातो.

शिंगल्स परदेशी म्हणून इथे चालत नाहीत, हे मी मानत नाही. ज्याला आपण अस्सल कोकणी समजतो ते मंगलोरी कौलही बाहेरूनच आलं. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट फ्रान्सच्या अल्सासमधल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली घेतलं, आणि बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्टनं १८६५ साली मंगळूरजवळ जेप्पू इथे नेत्रावतीच्या काठी कारखाना काढला. आपल्या सुतारांनी ते उचललं, कारण कौलाखालची वासे-रिपांची चौकट त्यांच्या हातातली होती. शिंगल्सच्या बाबतीत नेमकं उलट झालं. वरचं साल आपण घेतलं, खालची चौकट टाकून दिली.

माझे समव्यावसायिक इथे माझ्याशी भांडतात. शिंगल ही लाकडी छपरासाठी केलेली वस्तू आहे: वासे, त्यावर प्लायवूड, त्यावर डांबरी फेल्ट, मग खिळ्यांनी शिंगल्स. खाली माळा, तिथे हवा खेळती. पाणी शिरलंच तर टॉर्च घेऊन माळ्यावर जायचं, प्लायवर डाग शोधायचा आणि त्याचा माग काढत वर जायचं. आपण त्याऐवजी उतरता स्लॅब ओततो आणि त्यावर शिंगल्स मारतो. उतरता स्लॅब ओतताना काँक्रीट खाली घसरतं, म्हणून ते घट्ट ठेवतात. उतारावर व्हायब्रेटर नीट चालवता येत नाही. काँक्रीट पक्कं व्हायला आळी करून पाणी साठवता येत नाही, नुसती ओली पोती टाकतात आणि ती दुपारपर्यंत वाळतात. म्हणजे गच्चीच्या आडव्या स्लॅबपेक्षा हा स्लॅब मुळातच पोकळ निघण्याची शक्यता जास्त. वर त्याला भोकं पाडायची. चौरस मीटरला साधारण ७ शिंगल्स लागतात, प्रत्येकाला ४ खिळे. दीडशे चौरस मीटरच्या छपरात ४ हजारांवर खिळे होतात. लाकडात खिळा गच्च बसतो. काँक्रीटमध्ये त्याच्याभोवती चिरा जातात.

‘पण स्लॅब असल्यावर गळेल कसं?’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, त्यांत अभियंतेही आले, की आता ऐकून थकवा येतो. स्लॅब गळतो. आणि गळतो तेव्हा कौलारू छपरापेक्षा जास्त छळतो, कारण पाणी दिसत नाही. कौलारू घरात अंथरुणावर पडल्या पडल्या कुठलं कौल सरकलंय ते कळायचं. आतूनच काठीनं ते सारखं करायचे. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी विजेच्या पाइपांतून फिरतं आणि पंख्याच्या हुकातून किंवा दिव्याच्या डब्यातून बाहेर पडतं. या घरात तेच झालं होतं.

दुसरी बाजू मला मान्य आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडची छपरं मी पाहिली आहेत. वासे उचलून फेकले गेलेल्या घरातला माणूस स्लॅबच मागणार, त्याला दोष देता येत नाही. वानरांचा उच्छाद हे तर कोकणात कौलं जाण्याचं फार मोठं कारण आहे. शाकारणीला माणूस मिळत नाही, लाकूड परवडत नाही. स्लॅब हवा तर घाला. पण मग स्लॅबलाच आधी अखंड मेम्ब्रेन घालून जलरोधक करा, त्यावर उताराच्या दिशेनं पट्ट्या बसवा, वर प्लाय आणि मग शिंगल्स, म्हणजे खिळे प्लायमध्येच राहतात आणि खाली हवेला व चुकार पाण्याला वाट राहते. खर्च वाढतो. ‘शोभेसाठी एवढं कशाला’ म्हणून हेच पहिलं वगळलं जातं.

आता झडीबद्दल, कारण तिथे वाचकांना नेहमी आश्चर्य वाटतं. पाणी वर चढतं. वाऱ्याच्या दाबाचं आपल्या मानकातलं सूत्र सोपं आहे: सेकंदाला मीटरमधल्या वेगाचा वर्ग गुणिले ०.६. ताशी ६० किलोमीटरचा झोत म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर, दाब सुमारे १७० न्यूटन प्रति चौरस मीटर. एवढा दाब पाण्याला उभं १७ मिलिमीटर वर ढकलतो. ३० अंशांच्या उतारावर हेच अंतर दुप्पट होतं, म्हणजे जवळपास साडेतीन सेंटिमीटर. वेग दुप्पट झाला, तर दाब चौपट. मंगलोरी कौलाच्या कडांना ज्या खाचा आणि उंचवटे असतात, ते या चढणाऱ्या पाण्याला अडवून परत उतारावर आणण्यासाठी. शिंगल्सना तशा खाचा नसतात. तिथे सगळी भिस्त पुरेशा उतारावर, धरलेल्या पट्टीवर आणि सांध्यांवर असते. शिंगल्सचे कारखानदारही १२ फुटांना ४ फुटांपेक्षा कमी उतार असेल तर खाली फेल्टचे दोन थर मागतात, आणि २ फुटांपेक्षा कमी असेल तर लावूच नका म्हणतात. आपल्याकडे पार्किंगच्या शेडवर याहून सपाट उतारावर लावलेले मी पाहतो.

त्या घरी आम्ही पाइपनं पाणी मारून पाहिलं. त्यातही रीत आहे. लोक थेट आढ्यावर पाणी सोडतात. सगळं छप्पर भिजतं आणि काहीच कळत नाही. सुरुवात पागोळ्यांच्या कडेपासून करायची, थोडासाच पट्टा बराच वेळ भिजवायचा, आत एक माणूस बसवायचा, मगच वर सरकायचं. स्लॅबवर तर तासन् तास थांबावं लागतं. खालचा सगळा भाग कोरडा राहिला. वरच्या खोलीच्या भिंतीला छप्पर मिळतं त्या ओळीवर पाणी धरलं आणि संध्याकाळी दिव्याच्या वायरवर थेंब आला. भिंत दिव्यापासून चांगली पंधरा फूट लांब.

त्या सांध्यात गवंड्यानं सिमेंटचा वाटा मारला होता, म्हणजे कोपरा सिमेंटनं भरून गोलसर केला होता. आपल्याकडे सर्रास मारतात, आणि माझ्या मते उतरत्या छपरांच्या गळतीत वाट्याएवढं घातक काही नाही. दहा मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला, तर सुमारे ३ मिलिमीटर वाढतो. गडद शिंगल्सखाली तो रोज तापतो आणि रात्री आखडतो. शेजारची भिंत त्याच्याबरोबर हलत नाही. मधल्या वाट्याला चीर पडणार हे ठरलेलं. त्या केसाएवढ्या चिरेत सिलिकॉन भरलं, तर एक मिलिमीटरच्या फटीतल्या त्या धाग्यानं तीन मिलिमीटर ताणलं जावं अशी अपेक्षा असते. ते एका उन्हाळ्यात सुटतं.

या जागेचा इलाज शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यात रसायन नाही. शिंगल्सच्या प्रत्येक ओळीला काटकोनात वाकवलेला पत्र्याचा एक स्वतंत्र तुकडा. एक पाय छपरावर, एक भिंतीवर, दोन्ही निदान चार-चार इंच. वरचा तुकडा खालच्यावर दोन इंच चढलेला. खिळा छपराच्या बाजूला, भिंतीला नाही, म्हणजे दोघं आपापलं हलायला मोकळे. भिंतीत खाच मारून त्यातून दुसरी पट्टी खाली आणायची, ती पहिल्याचं तोंड झाकते. उताराच्या तळाशी शेवटचा तुकडा बाहेर वळवायचा, म्हणजे पाणी भिंतीत न मुरता पन्हाळीत पडतं. पत्रा ॲल्युमिनियमचा नको; ओल्या सिमेंटमध्ये तो खाल्ला जातो. आमच्याकडे काय करतात, तर वेळ वाचवायला वरपासून खालपर्यंत एकच लांब पट्टी लावतात आणि कडेला सीलंट भरतात. सीलंट आहे तोवर ठीक. सुटलं की पट्टीमागे शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला एकही जागा नसते. तुकड्यांमध्ये शिरलेलं पाणी पुढच्याच ओळीला परत शिंगलवर येतं.

‘दहा वर्षांची गॅरंटी’ हा शब्द मला या धंद्यातून काढून टाकावासा वाटतो. ती डब्यातल्या मालाची असते. सांधा कसा केला याची नसते. आणि लोक कागद बघून काम देतात. पत्र्याचे तुकडे कापून, वाकवून बसवणारा सुतार दिवसाला थोडंच काम करतो, म्हणून महाग ठरतो. अशी दोन माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्यांची मुलं या कामात नाहीत.

त्या घरच्या काकांनी मला तेच विचारलं, की किती वर्षं गळणार नाही. सांध्याबद्दल मी खात्रीनं बोलू शकतो. स्लॅबबद्दल नाही. काही पावसाळे त्यातली सळई ओली राहिली आहे. गंजलेली सळई फुगते आणि खालून काँक्रीटचे पोपडे सोडते. तसं असेल, तर काम कितीतरी पटींनी वाढेल, आणि त्यांच्याकडे सांधा किंवा स्लॅब यांपैकी एकाचेच पैसे आहेत. माझं मन अडकलं आहे ते इथे. उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. देवदिवाळीनंतर काम सुरू करायचं ठरलंय. भिंतीलगतचा तीन फुटांचा पट्टा काढायचा, स्लॅब हातोडीनं ठोकून बघायचा, बद्द आवाज येईल तिथे खूण करायची, आणि ते होईपर्यंत कशाचाही डबा उघडायचा नाही, असं मी ठेकेदाराला लेखी दिलंय. तो म्हणतो, साहेब, एकच लांब पट्टी मारून दोन दिवसांत उरकून देतो. त्याच्याशी या आठवड्यात पुन्हा बोलायचं आहे.