पार्वतीचं डोहाळजेवण

शिर्डीत घर असलं की पाहुण्यांना तोटा नसतो. दर्शन होतं, प्रसादालयात जेवणं होतात, आणि रात्री आमच्या बैठकीच्या खोलीत गाद्या पसरल्या की तेरा-चौदाची भाचरं मागे लागतात, "मामा, काहीतरी हसायचं लाव ना." मोठ्यांचं ठरलेलं असतं, 'अशी ही बनवाबनवी'. आणि ताई हळूच विचारते, "त्यात काही तसलं नाही ना रे?"

तसलं म्हणजे काय, हे मराठी घरात कुणी फोडून सांगत नाही. दादा कोंडक्यांनी ती सोय करून ठेवली आहे. 'आंधळा मारतो डोळा' म्हटलं की पुढचं ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. मला मात्र द्व्यर्थाचं फारसं भय वाटत नाही. ज्याला दुसरा अर्थ लागतो, त्याला तो शाळेच्या मागच्या बाकावर आधीच कळलेला असतो. ज्याला लागत नाही, तो पहिल्यावरच हसून झोपी जातो.

मी बघतो ते, हसू कुणाच्या अंगावर पडतं. सचिन पिळगावकरांचा 'बनवाबनवी' हा सिनेमा १९८८चा, हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'वरून घेतलेला. पुण्यात बिनलग्नाच्या चौघा पोरांना खोली मिळेना, लीलाबाई काळभोरांना भाडेकरू जोडपीच हवीत, म्हणून परशाची पार्वती होते आणि सुधीरची सुधा. साडीतला पुरुष आमच्या नगर जिल्ह्याला नवा नाही. जत्रेतल्या तमाशात गवळणींबरोबर मथुरेच्या बाजाराला निघालेली मावशीही पुरुषच असते. पार्वतीच्या डोहाळजेवणाचंच बघा. भोवतीच्या बायका खऱ्या मायेनं कौतुक करताहेत आणि मधोमध परशा झालेले लक्ष्मीकांत बेर्डे कात्रीत सापडलेले. हसू येतं ते परशाच्या फजितीचं. बाईपणाची टिंगल तिथं मला तरी दिसत नाही. पोरांनी खुशाल लोळून हसावं.

माझं अडतं ते दुसरीकडे, याच सिनेमातल्या, नवऱ्यानं टाकलेल्या बाईवरच्या एका वाक्याशी. आमच्या पिढीनं ते इतकं उगाळलं की आता त्याचे मीम फिरतात. प्रत्येक गोतावळ्यात अशी एखादी आत्या, एखादी मावशी असतेच, आणि बहुधा तीच सगळ्यांच्या गाद्या घालत असते. तिच्या देखत पोरं ते वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवतात, तेव्हा मला द्व्यर्थी दादा सोवळे वाटू लागतात.

सिनेमाच्या कायद्यातल्या २०२३च्या दुरुस्तीनं 'यूए' प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे झाले. 'बनवाबनवी'वर तेराचा शिक्का मी डोळे झाकून मारीन. पण शिक्का अख्ख्या सिनेमावर बसतो, एका वाक्यावर नाही. म्हणून मी पोरांबरोबर बसतो. ते वाक्य येतं, सगळे फुटतात, मी हसत नाही. भाचा एकदा वळून बघतो. तेवढ्यानं काय होतं, देव जाणे. पण सिनेमा बंद करण्यापेक्षा ते बरं.

भाचीचं भलतंच चाललेलं असतं. तिला बारावीनंतर पुण्याला जायचंय. "मामा, या चौघी पोरी असत्या तर? दोघींना मिशा लावाव्या लागल्या असत्या?"

"मिशा लावून भागणार नाही गं," ताई उशी सारखी करत म्हणाली, "तुला रोज सातच्या आत घरात यावं लागेल."

"तो वेगळा सिनेमा, आई!"