बारा खडे
आमचा सांगोला तालुका डाळिंबांचा. तोडणीच्या दिवसांत माझा मित्र आईवडिलांबरोबर बागेत गेला. त्याची चार दिवस शाळा बुडाली. गुरुजींनी १२ चे विभाजक काढायला दिले होते. तो रडकुंडीला आला. म्हणाला, "मला येत न्हाई. उद्या साळंत येनार न्हाई."

मी लिंबाखाली १२ खडे मांडले. २ रांगा केल्या, मग ३, मग ४. सगळ्या सारख्या झाल्या. ५ खड्यांच्या रांगा लावल्या तर २ खडे उरले. तो एकदम हसला. "आरं, पेटीत डाळिंबं अशीच लावत्यात की!" मग त्यानेच १, २, ३, ४, ६, १२ असे लिहिले.

दुसऱ्या दिवशी १८ चे विभाजक होते. मी ९ विसरलो. त्याने मला हळूच खुणावले.