‘येतो’ या शब्दाचा अर्थ

मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ असे म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. शब्दाचा कोशातील अर्थ आणि त्यामागचा सामाजिक संकेत यांतील फरक समजावून देताना हे उदाहरण मी वर्गात पंचवीस वर्षे देत आलो आहे. बांगडी फुटली तरी ती ‘वाढली’ असे म्हणावयाचे, मंगळसूत्र तुटले तरी तेही ‘वाढले’ असेच म्हणावयाचे. अभद्राचा उच्चार टाळला की अभद्र टळते, या जुन्या श्रद्धेतून हे शब्द आले. साथीच्या रोगांनाही आपल्या भाषेने असेच आदराने वागविले. अंगावर फोड उठले की ‘देवी आल्या’, आणि पटकी आली की तो ‘मरीआईचा कोप’. हे सारे मला ठाऊक होते. ‘येतो’ हा शब्द एखाद्या मुलाला किती जड होऊ शकतो, हे मात्र ठाऊक नव्हते.

2020च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा माझा पुतण्या पहिलीत होता. नगर शहराजवळच्या आमच्या गावी धाकट्या भावाचे कुटुंब, आमची आई आणि आम्ही एकत्र राहतो. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने राज्याच्या शिक्षण विभागाची रोजची अभ्यासमाला मोबाईलवर येऊ लागली. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. शिक्षकांनी आपल्या परीने पुष्कळ केले. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर लाउडस्पीकरवरून धडे ऐकविले गेले, तर कोठे देवळाच्या ओट्यावर चार-चार मुलांना बसवून शिकविले गेले. तरीही घरात एकच मोबाईल आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, ही अडचण घरोघरी होती. आपल्यापैकी अनेकांनी ती आई-वडील म्हणून आणि विद्यार्थी म्हणूनही अनुभवली असेल.

आमच्या घरी मोबाईल होता, पुस्तके होती आणि भाषाविज्ञानाचा एक प्राध्यापकही होता. त्या प्राध्यापकाने घराची शाळा केली. सकाळी दहाला शुद्धलेखन, अकराला पाढे. मूल ‘पानी’ म्हणाले की मी ‘पाणी’ म्हणावयास लावी. बोलीला अशुद्ध म्हणू नये, असे ज्याने आयुष्यभर शिकविले, तोच घरात लाल शाईचे पेन घेऊन बसला होता. हळूहळू पुतण्या माझ्यासमोर कमी बोलू लागला. मी त्याला एकाग्रता समजलो.

2021च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आमच्या दारात आली. भावाच्या शरीरातील ऑक्सिजनचे प्रमाण उतरू लागले आणि त्याला नगरला रुग्णालयात दाखल करावे लागले. भावजय वरच्या खोलीत विलगीकरणात राहिली. गाडीत बसताना भाऊ मुलाकडे पाहून एवढेच म्हणाला, ‘‘येतो रे.’’

त्या संध्याकाळपासून पुतण्या ओट्यावर बसू लागला. तिसऱ्या दिवशी त्याने मला विचारले, ‘‘नाना, पप्पा येतो म्हणाले होते ना? मग कधी येणार?’’ मी म्हणालो, ‘‘पप्पा कामाला गेलेत, येतील लवकर.’’ त्याने माझ्याकडे पाहिले आणि काहीच न बोलता तो आत गेला. दारामागे चाललेले आमचे फोन त्याने ऐकलेले होते. ‘पॉझिटिव्ह’ म्हटले की मोठी माणसे घाबरतात आणि ‘निगेटिव्ह’ म्हटले की हसतात, हे त्याने स्वतःच ताडले होते. अर्थ कोणी सांगितला नाही, म्हणजे मूल अर्थ लावावयाचे थांबते असे नाही. ते एकटे बसून लावते, आणि एकट्याने लावलेला अर्थ बहुधा अधिक भयंकर असतो. त्याने जेवण कमी केले. रात्री तो दचकून उठू लागला. त्या मे महिन्यात जिल्ह्यातील आठ हजारांहून अधिक मुले बाधित झाल्याची बातमी आली, तेव्हा आम्ही त्याचा ताप दिवसातून चार वेळा मोजला. त्याच्या मनाचा ताप मात्र मोजला नाही.

तो मोजला माझ्या आईने. ती पाथर्डी तालुक्यातील एका खेड्यातली. शाळेत कधी गेली नाही. एका सकाळी तिने नातवाला जवळ बसविले आणि सांगितले, ‘‘तुझ्या पप्पाला कोरोना झालाय. दवाखान्यात ठेवलंय. कवा येईल ते डॉक्टरला बी अजून सांगता येत नाही. पण आज त्यानं चहा घेतला अन् दोन बिस्किटं खाल्ली.’’

मी चपापलो. पण मूल रडले नाही. त्याने विचारले, ‘‘कोणती बिस्किटं?’’

आज त्या चार वाक्यांकडे मी अभ्यासक म्हणून पाहतो, तेव्हा त्यांतील शहाणपण कळते. एकही वाक्य खोटे नव्हते. जे ठाऊक नव्हते, ते ठाऊक नाही असेच सांगितले होते. आणि शेवटी मुलाच्या हाती धरता येईल एवढे लहान, खरे काहीतरी दिले होते. मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने 1923 मध्ये दाखवून दिले की, माणसे पुष्कळदा माहिती देण्यासाठी नव्हे, तर नाते जपण्यासाठी बोलतात. ‘येतो’ हा शब्द त्याच जातीचा. पण संकटात नात्यालाही माहितीचा आधार लागतो, हे मला आईने शिकविले.

त्या दिवसापासून रोज सकाळी रुग्णालयातून जे कळे, ते आम्ही त्याला सांगू लागलो. त्याने आपणहून वही काढली. ‘आज पप्पांनी पोहे खाल्ले.’ ‘आज पप्पा दहा पावले चालले.’ ‘खाल्ले’ कधी ‘खाले’ होई, ‘पावले’ कधी ‘पाउले’. मी लाल पेन कपाटात ठेवून दिले. पानाचा फोटो काढून आम्ही भावाच्या मोबाईलवर पाठवीत असू. वर्षभर माझ्या शुद्धलेखनाने जे साधले नव्हते, ते त्या वहीने साधले. त्याच्याजवळ आता सांगण्यासारखे काही होते आणि ऐकणारे कोणी होते. वाक्ये लांबत गेली. झोपही परत आली.

भाऊ सतराव्या दिवशी घरी आला. सर्वांच्याच घरी असे झाले नाही. ‘येतो’ म्हणून गेलेली कितीतरी माणसे परतली नाहीत. त्यांच्या मागे राहिलेल्या स्त्रियांसाठी आपल्याच जिल्ह्यातील हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली. त्या घरांतील मुलांना हे सत्य कोणत्या शब्दांत सांगितले गेले असेल, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. तेथे माझ्या आईसारखे कोणीतरी असावे, एवढेच वाटते.

2021च्या डिसेंबरमध्ये गावातील लहान मुलांचे वर्ग पुन्हा भरले. पुतण्या आता तिसरीत होता. मास्क लावून, दप्तर पाठीवर टाकून तो दारात थांबला. आजीकडे वळून म्हणाला, ‘‘आजी, येतो.’’ दोन पायऱ्या उतरला, पुन्हा वळला आणि म्हणाला, ‘‘दुपारी एक वाजता.’’