शेवटच्या परिच्छेदातलं वाक्य

जळकं लाकूड भिजलं की त्याचा वास घशाला चिकटतो. ९ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी कोल्हापुरात खासबागेच्या बाजूला उभी होते, तेव्हा तो पदरालाही लागला. आदल्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळलं होतं. शाहू महाराजांचं १९१५ सालचं पॅलेस थिएटर. आणि ती सकाळ नेमकी केशवरावांच्या जयंतीची.

शेजारी कुणीतरी रडत होतं. माझ्या मनात मात्र एकच वाक्य घोळत होतं : ‘स्वतःचे वाक्य संपले की या मुलीचे ऐकणेही संपते.’

१९८६ च्या राज्य नाट्य स्पर्धेत मी तिथं काम केलं होतं. गावच्या दैनिकात परीक्षण लिहिणारे गृहस्थ कडेच्या खुर्चीत, मांडीवर वही घेऊन, अंधारात न बघता लिहायचे. तिसऱ्या दिवशी छापून आलं. नेपथ्य, प्रकाश, विंगेतून उशिरा आलेला हवालदार, सगळ्यांची दखल. शेवटच्या परिच्छेदात मी. दिवसभर जेवले नाही. दादांनी कात्रण पंचांगात ठेवलं. म्हणाले, ‘माणूस तीन तास तुझ्याकडं बघत बसला हुता, बाळ.’

केशवराव म्हटलं की मला दुसरेही आठवतात, भोळे. पुढे ‘संत तुकाराम’ला (१९३६) संगीत देणारे. ‘एकलव्य’ या नावानं त्यांनी गवयांवर लिहिलं, म्हणून जन्माआधीच्या मैफलींत मला बसता आलं.

नाट्यगृह पुन्हा बांधता येतं. फोटो असतात, मापं असतात. पण त्या फळ्यांवर कोण कसं उभं राहिलं, ते परीक्षणातच उरतं. मध्यंतरी शाळेतल्या मुलांचं नाटक बसवलं, एका दैनिकाला फोन केला. ‘प्रेसनोट आणि दोन फोटो पाठवा.’ पाठवले. छापून आली पाहुण्यांची नावं आणि फुटणारा नारळ. माझ्या नायिकेचं नावसुद्धा नाही. तिनं कुणावर रागवायचं, कुणाचं वाक्य जन्मभर बाळगायचं? जाहिरातीला जागा लागते, कळतं मला. तरी राग जात नाही.

शेवटच्या महिन्यात दादा एकच गोष्ट सांगायचे, लहानपणी डोअरकीपरची नजर चुकवून पाहिलेल्या नाटकाची. पुढचा शब्द पाठ असूनही मी उशाशी बसून ऐकायचे. एकदा मध्येच थांबले. ‘आता ऐकतीस बघ,’ म्हणाले, आणि पुन्हा डोअरकीपरपासून सुरुवात केली.