पेटीतल्या चाळीस तबकड्या

आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, की मँचेस्टरच्या दक्षिणेला राहणारे आम्ही चौघे मित्र दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणा एकाच्या घरी जमतो आणि दार लावून काहीतरी ऐकत बसतो. एकतीस वर्षं झाली याला. पत्ते नाहीत, भजन नाही, क्रिकेटसुद्धा नाही. वहिनीमंडळींच्या भाषेत सांगायचं तर "यांचं ते न संपणारं गाणं"! त्या न संपणाऱ्या गाण्याचं खरं नाव प्रोग्रेसिव्ह रॉक. आम्ही लाडाने नुसतं 'प्रोग' म्हणतो.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या काही पोरांना वाटू लागलं, की रॉक म्हणजे तीन मिनिटांचं प्रेमगीतच कशाला हवं? किंग क्रिम्सनची पहिली एल.पी. त्याच सालची. मग १९७२ उजाडलं आणि नुसता पाऊस पडला. येसचं 'क्लोज टू द एज' अठरा मिनिटांच्या वर, म्हणजे एल.पी.ची अख्खी एक बाजू. जेनेसिसचं 'सपर्स रेडी' तेवीस मिनिटांच्या घरात, त्यात मध्येच नऊ मात्रांचा ताल. जेथ्रो टलने तर 'थिक ॲज अ ब्रिक'मध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच गाणं केलं. उठून तबकडी उलटायची, तेवढंच मध्यंतर! आम्ही हे सगळं कॉलेजात असताना मिळेल त्या कॅसेटवर ऐकलं. आमच्यातल्या एकाला ते पवईच्या होस्टेलवर भेटलं, म्हणून ते आजतागायत 'पवईवाले'. बाकीचे डॉक्टर, कोल्हापूरकर आणि नागपूरकर. नोकरीधंद्याने इथे आलो तेव्हा कळलं, की व्हॅन डर ग्राफ जनरेटर हा आमचा लाडका बँड १९६७ साली याच मँचेस्टरच्या विद्यापीठात जन्माला आला. काशीला पोचल्यासारखं वाटलं.

आता ख्याल ऐकणाऱ्या बुजुर्गांचा एक स्वभाव असतो. 'सुगम' शब्द काढला की त्यांच्या कपाळाला आठी पडते. प्रोगवाल्यांचं 'पॉप'बद्दल तसंच. पण ज्या ज्या प्रोगवाल्याच्या घरी आम्ही गेलो, त्याच्या कपाटात मागच्या रांगेत पॉपच्या पाच-पंचवीस तबकड्या निघाल्याच. आणि गंमत म्हणजे साधारण त्याच त्याच! आमच्या बैठकीतही हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त शनिवारी त्या बाहेर काढायच्या नाहीत असा रिवाज होता.

तो रिवाज मोडायची वेळ यंदा आली, कारण पवईवाले आणि वहिनी कायमचे पुण्याला निघाले. कोथरूडचा दोन खोल्यांचा फ्लॅट, इथे चारशेच्या वर एल.पी. एका एल.पी.चं वजन कव्हरासकट पाव किलोच्या आसपास. बोटीने एकच लाकडी पेटी पाठवायची, तीत चाळीस तबकड्या उभ्या मावतात. (आडव्या रचायच्या नाहीत मंडळी, वाकतात.) कोणत्या चाळीस, हे ठरवायला आम्ही तीन शनिवार बसलो.

पहिल्या शनिवारी काम झटपट झालं. येस, जेनेसिस, क्रिम्सन, कॅमल, टल असे चाळीस मोजून बाजूला ठेवले. वहिनी चहा घेऊन आल्या, ढिगाकडे बघितलं आणि विचारलं, "यातल्या किती यांनी गेल्या वर्षभरात लावल्या?" कोणी काही बोललं नाही. मग डॉक्टरांनी क्ष-किरण तपासावेत तशी एकेक तबकडी दिव्याखाली धरली. क्रिम्सनच्या उत्तरार्धातल्या तबकड्या नव्या कोऱ्या. ज्यांचे कोपरे झिजलेले, पाठीला चिकटपट्टी लावलेली, त्या सगळ्या मागच्या रांगेतल्या.

त्यात सगळ्यांत जास्त झिजलेली निघाली टेनसीसीची १९७५ ची 'द ओरिजिनल साउंडट्रॅक'. हे तर आपलं गाववालं प्रकरण! स्टॉकपोर्टला वॉटर्लू रोडवर स्ट्रॉबेरी स्टुडिओ होता. स्टुडिओ बंद होऊन वर्षं झाली, पण इमारतीवर पाटी आहे. तिथे या चौघांनी 'आय ॲम नॉट इन लव्ह' बांधलं. बांधलं हाच शब्द बरोबर आहे. तिघांनी एकेक सूर सोळा सोळा वेळा गायचा, म्हणजे एका सुराला अठ्ठेचाळीस आवाज. असे सप्तकातले सगळे कोमल-तीव्र सूर वेगवेगळे मुद्रित करायचे आणि त्या टेपची वेटोळी करून अखंड फिरत ठेवायची. सगळे मिळून सहाशेच्या वर आवाज! मग चौघांनी मिक्सरच्या पट्ट्या वरखाली करत त्या आवाजांची पेटी वाजवायची. आपण सहा तानपुरे लावून बसलो तर जो भास होईल, तो या गाण्यात मागे सतत आहे. मध्यात जी बाई कुजबुजते, ती स्टुडिओतली स्वागतिका. हे सगळं ज्या गाण्यासाठी केलं ते जून १९७५ मध्ये इथे पहिल्या क्रमांकावर होतं, केशकर्तनालयात आणि बसमध्ये वाजत होतं. याला हलकं संगीत म्हणायचं तर जड कशाला म्हणायचं?

दुसऱ्या शनिवारी भांडण झालं ते ॲबावरून. पवईवाल्यांनी १९७६ ची 'अरायव्हल' हळूच पेटीत सरकवली. नागपूरकर आमच्यातले कर्मठ, त्यांनी ती बाहेर काढली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ती यांची नाहीच आहे भावजी. माझी आहे." लग्नाआधी वहिनींनी ती काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतली होती (ते दुकान २०१६ साली बंद झालं). लग्नानंतर दोन साड्यांच्या घडीत ठेवून विमानातून इथे आणली. सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा कव्हरावरची अक्षरं जुळवत त्यांनी "हे आबा कोण?" असं विचारलं, तेव्हापासून त्या घरात ती 'आबांची तबकडी'. यावर नागपूरकरांचं म्हणणं एवढंच, की मग ती वहिनींच्या सामानात जावी, आमच्या चाळिसांत नको.

पण पुराव्याने बोलायचं तर त्याच तबकडीच्या शेवटी शब्दांशिवायची जी धून आहे, ती 'ट्युब्युलर बेल्स'वाल्या माइक ओल्डफील्डने १९८० साली स्वतःच्या एल.पी.त घेतली. आणि आजच्या प्रोगचा जो मुकुटमणी, ज्याने क्रिम्सन, येस, टल यांच्या जुन्या टेप नव्याने मिसळून दिल्या, तो स्टीव्हन विल्सन उघडपणे ॲबाचा भक्त आहे. २०१७ ची त्याची 'टू द बोन' निघाली तेव्हा त्याने प्रेरणा म्हणून पीटर गेब्रियल, केट बुश, टॉक टॉक, टिअर्स फॉर फिअर्स यांच्या पॉप एल.पी.ंची नावं घेतली. आमच्या मागच्या रांगेची यादीच जणू! नागपूरकर म्हणाले, विल्सनचं विल्सनपाशी. तरी 'अरायव्हल' पेटीत गेली, आणि ती ठेवणारा हात वहिनींचा होता.

केट बुशबद्दल वाद झालाच नाही. तिला पुढे आणणारा पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मर, त्यामुळे ती घरचीच. १९८५ च्या 'हाउंड्स ऑफ लव्ह'ची पहिली बाजू म्हणजे गुणगुणता येणारी गाणी. दुसरी बाजू उलटली की रात्री समुद्रात पडलेली, जीवरक्षक जाकीट घालून तरंगणारी एकटी बाई, आणि सकाळपर्यंत तिच्या डोक्यात काय काय येतं त्याची सात गाणी. पवईवाल्यांच्या घरात या तबकडीला आता तिसरी पिढी लागली आहे. २०२२ साली एका दूरदर्शन मालिकेमुळे 'रनिंग अप दॅट हिल' सदतीस वर्षांनी इथे पहिल्या क्रमांकावर आलं, तेव्हा नातीने आजोबांना विचारलं, "तुम्हाला हे कसं माहीत?" आजोबांनी तिला बसवून दुसरी बाजू ऐकवली. पोरगी सव्वीस मिनिटं हलली नाही! येसची एक बाजू ऐकायला ती कधी बसली नव्हती, आणि तिची आईही नाही.

बाकीच्या पटापट आत गेल्या. सुपरट्रॅम्पची 'ब्रेकफास्ट इन अमेरिका', बीच बॉइजची 'पेट साउंड्स', एक्सटीसीची 'स्कायलार्किंग', गेब्रियलची 'सो'. येसची १९८३ ची '९०१२५' ही प्रोग की पॉप यावर मात्र चहाची दुसरी फेरी झाली. तिचा निर्माता ट्रेव्हर हॉर्न मूळचा बगल्सचा, म्हणजे 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'वाला. तो १९८० साली येसमध्ये गायक म्हणून दत्तक गेला, एका एल.पी.नंतर बाहेर पडला आणि मग त्याच घराण्याला अमेरिकेत पहिल्या क्रमांकाचं गाणं करून दिलं. अशा वेळी गोत्र कुणाचं लावायचं?

कुमार गंधर्वांचा लताबाईंवरचा लेख आमच्यातल्या कोल्हापूरकरांना जवळजवळ पाठ आहे. तीन-साडेतीन मिनिटांच्या चित्रपटगीताला तीन तासांच्या मैफलीच्या तोलाचं मोल असू शकतं, असं कुमारांनी त्यात मांडलं आहे. कोण बोलतंय ते बघा, साक्षात कुमार! आम्हाला वाटतं, अठरा मिनिटांच्या रचनेत पसरायला जागा असते. वाट चुकली तरी परत यायला वेळ असतो. चार मिनिटांत ती चैन नाही. म्हणूनच लांबलचक ऐकून कान तयार झालेल्या माणसाला छोट्या गाण्यातलं बारीक काम जास्त दिसत असावं, आणि आमच्या चोरट्या आवडीचं मूळ तिथे असावं. नागपूरकरांना हे मान्य नाही, हेही इथे नोंदवतो.

अखेर पेटीत तेवीस प्रोग आणि सतरा पॉप गेल्या. पेटी बोटीवर चढली. कोथरूडला ती पोचेल तेव्हा दुसरा शनिवार व्हिडिओ-कॉलवर करायचं ठरलं आहे. वहिनींनी बजावून ठेवलंय, की पुण्याच्या घरात गाणं ऐकायला वेगळी खोली नाही, तेव्हा दार लावायचा प्रश्नच येत नाही.

उरलेल्या साडेतीनशेच्या वर तबकड्या सध्या डॉक्टरांच्या गॅरेजात आहेत. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला त्या टेबलावर मांडू. ज्यांना ज्या हव्या त्यांनी खुशाल न्याव्यात, पैसे नकोत, फक्त घरी लावून ऐकाव्यात. जेनेसिसच्या 'इन्व्हिजिबल टच'च्या तीन प्रती आहेत. कुणी त्या तिन्ही एकदम न्यायला तयार असेल, तर नागपूरकर स्वखर्चाने घरपोच आणून देतील.